तीन किलोंची बंदूक

आल्प्स पर्वताच्या उंच कड्यांवर एक रानबोकड राहते. त्या भागातील जर्मन बोलणारे लोक त्याला 'गाम्झ' म्हणतात. अंगाने ते आपल्याकडच्या बोकडाएवढेच. पण पायांची पकड अशी विलक्षण, की ज्या खडकावर माणसाला टाचही टेकता येणार नाही, तेथे ते निवांत उभे राहून दरीकडे पाहत असते. त्याच्या शिकारीला जाणाऱ्या माणसाला पहाटेच्या अंधारात पायथा सोडावा लागतो. हातात लोखंडी टोकाची काठी, पाठीवर पिशवी आणि खांद्यावर बंदूक. पहिल्या तासाला बंदुकीचे वजन जाणवत नाही. तिसऱ्या तासाला ते छटाकाछटाकाने जाणवू लागते. नळी लांब असेल तर ती वळणावळणावर खडकाला घासते, आणि लोखंड दगडावर वाजल्याचा एक आवाज झाला की सकाळभराचा चढ व्यर्थ जातो. इतके करून वर पोहोचलेल्या शिकाऱ्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली असते, आणि नेमक्या त्या अवस्थेत त्याला दीडदोनशे पावलांवरच्या एका लहानशा ठिपक्यावर नेम धरावयाचा असतो.

पर्वतातल्या या अडचणीला १९०३ साली एक चांगले उत्तर मिळाले. साडेसहा मिलिमीटर व्यासाची गोळी, अवघी पंचेचाळीस सेंटिमीटरची नळी, आणि सारे मिळून सुमारे तीन किलो वजन. या बंदुकीला तिच्या दोन कर्त्यांवरून 'मान्लिखर-श्योनाउअर' असे नाव पडले. नाव लांबलचक, बंदूक मात्र आखूड! ती ज्या कारखान्यात तयार झाली तो कारखाना ऑस्ट्रियातील श्टायर या गावचा. त्याची हकिकत केवळ शिकारीची नाही. एका गावाचे पोट सबंध शस्त्रांवर चालू लागले म्हणजे त्या गावाचे काय होते, हेही तीत आहे.

श्टायर हे उत्तर ऑस्ट्रियात, एन्स आणि श्टायर या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. दक्षिणेकडे स्टिरिया प्रांतात 'एर्झबर्ग' नावाचा डोंगर आहे. या शब्दाचा अर्थच 'खनिजाचा डोंगर' असा. शतकानुशतके त्याच्या पोटातून लोखंडाचे खनिज निघत आले आणि त्याचे लोखंड एन्सच्या खोऱ्याने खाली उतरत राहिले. १२८७ साली ड्यूक आल्ब्रेख्ट याने या गावाला एक सनद दिली. त्या मार्गाने जाणारे लोखंड आणि लाकूड आधी श्टायरच्या बाजारात उतरवून विक्रीस मांडले पाहिजे, असा हक्क त्या सनदेने गावाला मिळाला. लोखंड दारावरून जाते आणि नदीचे पाणी चाक फिरवावयास तयार आहे, अशा गावी सुऱ्या, कोयते, खिळे करणारे कारागीर जमले नसते तरच नवल. चाकूसुऱ्यांच्या मागोमाग तलवारी आल्या आणि तलवारींच्या मागोमाग बंदुकीच्या नळ्या.

अशाच एका कारागिराच्या घरी १८३१ साली योझेफ वेर्न्ड्ल याचा जन्म झाला. बाप लेओपोल्ड हा सरकारी शस्त्रागारासाठी बंदुकांचे सुटे भाग करून देत असे. त्याच्या हाताखाली बरीच माणसे होती. मुलाचे मन मात्र बापाच्या पद्धतीत रमले नाही. तो देशोदेशी हिंडला, अमेरिकेला जाऊन आला, आणि तेथील कोल्ट व रेमिंग्टन यांच्या कारखान्यांतील काम त्याने डोळ्यांत साठवून आणले. १८५५ साली पटकीच्या साथीत बाप वारला आणि चोविसाव्या वर्षी सारा पसारा योझेफच्या अंगावर पडला.

अमेरिकेत त्याने जे पाहिले ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे. युरोपातील जुना कारागीर एकेक बंदूक घडवीत असे. प्रत्येक भाग कानशीने घासून शेजारच्या भागाला बसता करावयाचा, असा त्याचा क्रम. त्यामुळे एका बंदुकीचा घोडा दुसरीला बसत नसे. रणांगणावर एखादा भाग मोडला, की ती बंदूक पुन्हा लोहाराच्या दारात. अमेरिकेतील कारखान्यांत यंत्रे तोच भाग हजार वेळा, एकाच मापाने कापीत. कोणत्याही ढिगातून कोणताही भाग उचलावा आणि कोणत्याही बंदुकीला लावावा! आज शिवणयंत्राची सुई बाजारातून आणून बसविणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. परंतु त्या काळी ही एक क्रांतीच होती. १८६४ साली योझेफने आपल्या भावाला बरोबर घेऊन नवा कारखाना काढला. त्याच्या नावातच 'शस्त्रांचा कारखाना व लाकडाची वखार-गिरणी' अशी जोडी होती. बंदुकीला लोखंडाइतकेच अक्रोडाचे लाकूडही लागते, आणि ते कापून दीर्घकाळ सुकवावे लागते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

नशिबाने त्याला लवकरच हात दिला; अर्थात ते नशीब हजारो सैनिकांच्या मरणावर उभे होते. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्झच्या रणांगणावर प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला. पराभवाची कारणे अनेक होती, परंतु सामान्य सैनिकाला त्यांतले एक धडधडीत दिसले. ऑस्ट्रियन शिपायाची बंदूक तोंडाकडून भरावयाची; दारू आणि गोळी नळीत घालून गजाने ठासण्यासाठी त्याला उभे राहावे लागे. प्रशियन शिपायाची बंदूक मागून भरली जाई; तो जमिनीवर पडल्यापडल्या, एकाला तीन-चार या प्रमाणात गोळ्या झाडी. व्हिएन्नाचे सरकार खडबडून जागे झाले. वेर्न्ड्लने आपला सहकारी कारेल होलुब याच्यासह मागून भरावयाची एक बंदूक सिद्ध केली होती. १८६७ साली तीच सैन्याने स्वीकारली. १८६९ साली कारखान्याचे भागभांडवली कंपनीत रूपांतर झाले. आणि नियतीचा खेळ असा, की ज्या प्रशियाच्या बंदुकीने हा कारखाना उभा राहिला, त्याच प्रशियाने पुढे आपल्या मौझर बंदुका लाखांच्या संख्येने या श्टायरच्या कारखान्याकडून करवून घेतल्या.

शस्त्रांच्या धंद्यात मात्र एक जन्मजात दोष असतो. गिऱ्हाईक मोजके, मागणी एकदम प्रचंड, आणि ती पुरी झाली की शुकशुकाट. रोज भाकरी लागते तशी राज्यांना रोज बंदूक लागत नाही. १८८० नंतर असा एक दुष्काळ आला तेव्हा वेर्न्ड्लने विजेची यंत्रे आणि दिवे करावयास घेतले. १८८४ साली श्टायरमध्ये विजेचे प्रदर्शन भरले आणि नदीच्या पाण्यावर निर्माण केलेल्या विजेने गावातले रस्ते उजळून निघाले. युरोपातील मोठमोठी शहरे त्या वेळी वायूच्या मिणमिणत्या दिव्यांवर रात्री काढीत होती. कामगारांसाठी त्याने घरे बांधली, पोहण्यासाठी कुंड बांधले. या उदारपणात धनिकाचा दिमाख नव्हता असे नाही. तथापि त्या काळच्या कारखानदारांत असा दिमाख दाखविणारेही थोडेच होते. १८८९ साली तो वारला. पाच वर्षांनी गावात त्याचा पुतळा उभारला गेला. पुतळ्याच्या पायाशी चार कामगारांच्या मूर्ती आहेत.

शिकारीची बंदूक या कथेत येते ती दुसऱ्या दोघा पुरुषांमुळे. फेर्दिनांद मान्लिखर हा १८४८ साली बोहेमियात जन्मला. व्यवसायाने तो आगगाडीच्या कंपनीतील अभियंता. बंदूक हा त्याचा फावल्या वेळचा ध्यास. १८७६ साली फिलाडेल्फियाचे जागतिक प्रदर्शन पाहून आल्यावर या ध्यासाने त्याला पुरते घेरले. एका गोळीमागून दुसरी गोळी आपोआप नळीच्या तोंडाशी कशी आणावी, हा त्या पिढीपुढचा प्रश्न होता. मान्लिखरने पाच काडतुसे एका पत्र्याच्या चिमट्यात बसवून तो चिमटाच्या चिमटा बंदुकीच्या पोटात सारण्याची युक्ती काढली. त्याच्या बंदुका १८८६ पासून ऑस्ट्रियन सैन्यात गेल्या आणि श्टायरच्या कारखान्याला त्यांनी भरभराटीचे दिवस दाखविले. दुसरा पुरुष ओटो श्योनाउअर. हा कारखान्यातलाच, आणि वेर्न्ड्लच्या पश्चात त्याचा प्रमुख झालेला. काडतुसे ठेवण्याची त्याची कल्पना मान्लिखरहून अगदी वेगळी होती.

तिचे वर्णन करण्यास आपल्याकडच्या रहाटगाडग्याइतकी सोयीची उपमा नाही. रहाटाच्या चाकावर जशी गाडगी, तशी श्योनाउअरच्या फिरत्या रुळावर पाच खाचा. प्रत्येक खाचेत एकेक काडतूस बाळासारखे निजलेले. आत एक कमान. काडतुसे वरून दाबून भरताना ती पिळली जाते, आणि भरून झाल्यावर तोच पीळ रुळाला उलट फिरवून एकेक काडतूस वर आणून देतो. बोल्ट मागेपुढे करावा आणि पुढचे काडतूस नळीत जावे. सारे लोण्यासारखे मऊ. काडतुसे एकमेकांवर रचलेली नसल्याने ती अडकत नाहीत. धक्क्याने पुढे आपटून त्यांची नरम टोके चेपत नाहीत. आणि सारे यंत्र बंदुकीच्या पोटातच मावत असल्यामुळे खाली पेटी लोंबत नाही. बंदूक एका हाताने मधोमध उचलून चालणाऱ्याला या शेवटच्या गुणाची किंमत कळते.

मान्लिखरचा बोल्ट आणि श्योनाउअरचा रूळ यांच्या संयोगातून निघालेली लष्करी बंदूक १९०३ साली ग्रीस देशाने स्वीकारली. इतर राज्यांनी मात्र ती नाकारली म्हटले तरी चालेल, आणि त्यांचे काही फारसे चुकले नाही. रूळ कातावयास आणि बसवावयास महाग. लाखो शिपायांच्या हाती द्यावयाच्या वस्तूत असा नाजूक खर्च कोण करणार? शिकाऱ्याचे गणित निराळे असते. त्याला एकच बंदूक घ्यावयाची असते आणि ती जन्मभर, किंबहुना मुलाच्याही जन्मी, वापरावयाची असते. ज्या कारागिरीने सैन्याचे दार बंद केले, तिनेच शिकाऱ्यांचे दार उघडले. मान्लिखर १९०४ च्या आरंभी वारला. या बंदुकीची कीर्ती पाहावयास तो राहिला नाही.

तिच्या हलकेपणाचे रहस्य एखाद्या चमत्कारिक धातूत नव्हते. ते काटकसरीत होते. नळी लष्करी बंदुकीपेक्षा जवळजवळ एकवीत-दीडवीत आखूड केली. लाकडी दस्ता मात्र नळीच्या टोकापर्यंत नेला, म्हणजे खडकावर घासले तरी लाकडाला ओरखडा पडावा, नळीला नव्हे. बोल्टची मूठ गोळ्यासारखी न करता लोणी लावण्याच्या सुरीसारखी चपटी करून अंगाला चिकटती ठेवली, म्हणजे ती कपड्यात वा झुडपात अडकू नये. चाप बहुधा दोन असत. मागचा आधी ओढला की 'टक्' असा आवाज होई, आणि मग पुढचा इतका हलका होई की बोटाच्या स्पर्शानेच गोळी सुटावी. चढून चढून हात थरथरत असलेल्या माणसाला जड चाप ओढताना नेम हलण्याचे भय असते. ते भय या जोडीने गेले.

हलकेपणा फुकट मात्र मिळत नाही. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, हा न्यूटनचा नियम शिकाऱ्याच्या खांद्यालाही लागू आहे. तेच काडतूस चार किलोंच्या बंदुकीतून झाडले आणि तीन किलोंच्या बंदुकीतून झाडले, तर दुसरीचा मागे येण्याचा वेग एकतृतीयांशाने वाढतो, आणि खांद्यावर बसणाऱ्या दणक्याची ऊर्जाही तितकीच वाढते. नळी आखूड केली की दारूला पुरते जळावयास अवकाश मिळत नाही. गोळीचा वेग घटतो, आवाज आणि तोंडाची ज्वाला वाढते. म्हणजे हलकी बंदूक करणे हे सोनाराने दागिना हलका करण्यासारखे नव्हे. येथे प्रत्येक तोळ्याचा हिशेब दुसरीकडे भरावा लागतो. श्टायरच्या लोकांनी तो हिशेब काडतुसात भरला. त्यांनी दारू थोडी घातली, गोळी बारीक घेतली, पण तिची लांबी व्यासाच्या चौपटीहून अधिक ठेवली. वजन सुमारे दहा ग्रॅम. अशी लांबुडकी गोळी दाभणासारखी शिरते; वेग माफक असूनही खोल जाते. धक्का कमी, आणि काम पुरे. बंदूक आणि काडतूस यांचा विचार एकत्र केला होता, ही या रचनेतील खरी बुद्धी. हलक्या बंदुकीत दांडगे काडतूस घालून गिऱ्हाइकाचा खांदा काळानिळा करणारे कारखानदार पुढे पुष्कळ झाले.

या गोळीची ख्याती आफ्रिकेपर्यंत पोहोचली, आणि तेथे तिने जे केले ते वाचताना आज अंगावर काटा येतो. वॉल्टर बेल नावाचा एक स्कॉटिश शिकारी हस्तिदंतासाठी युगांडाच्या करामोजा प्रदेशात आणि आसपास हिंडत असे. त्याने आयुष्यात हजारांहून अधिक हत्ती मारले. त्या काळचे इतर शिकारी हत्तीसाठी तोफेसारख्या जाड बंदुका नोकराच्या खांद्यावर देत. बेल मात्र सात मिलिमीटरची मौझर किंवा साडेसहाची मान्लिखर-श्योनाउअर स्वतःच्या हातात बाळगी. मैलोन्‌मैल पायी माग काढावयाचा, तर बंदूक हलकीच पाहिजे, असा त्याचा हट्ट. मेलेल्या हत्तींची डोकी करवतीने कापून मेंदू नेमका कोठे असतो याचा त्याने अभ्यास केला होता. गोळी तेथेच बसली पाहिजे, ती किती जाड आहे याला महत्त्व नाही, हे त्याचे सूत्र. सूत्र खरे होते, परंतु ते बेलच्या हातातच खरे होते. त्याचे अनुकरण करू गेलेल्या अडाण्यांनी जनावरे जखमी करून सोडली आणि काहींनी स्वतःचे प्राणही गमावले. पुढे आफ्रिकेतील अनेक प्रदेशांत हत्ती, गवा अशा धोकादायक जनावरांसाठी बंदुकीच्या व्यासाची किमान मर्यादा कायद्यानेच घालण्यात आली. हस्तिदंताच्या व्यापाराने आफ्रिकेचे जे नुकसान केले त्याचा दोष या बंदुकीला देता येणार नाही. पण तिने ते काम सोपे केले, हेही नाकारता येणार नाही.

अर्नेस्ट हेमिंग्वे याने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या फ्रान्सिस मॅकोंबरच्या कथेत पत्नीच्या हातून सुटलेली गोळी नवऱ्याला लागते, ती साडेसहाच्या मान्लिखरचीच. लेखक स्वतः शिकारी असल्याने बाईच्या हाती कोणती बंदूक शोभेल हे त्याला माहीत होते. मात्र १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर जे 'मान्लिखर-कार्कानो' हे नाव जगभर गाजले, त्या बंदुकीशी श्टायरचा संबंध नाही. ती इटलीच्या सैन्याची जुनी बंदूक; तिच्यात काडतुसांचा चिमटा मान्लिखरच्या पद्धतीचा होता, एवढ्यावरून हे नाव तिला चिकटले.

पहिल्या महायुद्धापूर्वीचा तो काळ मध्य युरोपातील राजेरजवाड्यांच्या शिकारवेडाचा कळस होता. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फेर्दिनांद याच्या शिकारनोंदीत मारलेल्या पशुपक्ष्यांची संख्या पावणेतीन लाखांच्या घरात जाते. १८९३ साली जगप्रवासात तो हिंदुस्थानात आला तेव्हा हैदराबाद आणि ग्वाल्हेर या संस्थानांनी त्याचा पाहुणचार केला होता. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत तोच गोळीला बळी पडला. वृद्ध सम्राट फ्रान्झ योझेफ दर उन्हाळ्यात इश्ल येथे गाम्झच्या शिकारीला जात असे; त्याच इश्लच्या वाड्यात २८ जुलै रोजी त्याने सर्बियाविरुद्धच्या युद्धाच्या जाहीरनाम्यावर सही केली. श्टायरच्या कारखान्यात शिकारी बंदुका बाजूला पडल्या आणि चार वर्षे अहोरात्र लष्करी बंदुका निघत राहिल्या.

युद्ध हरल्यावर १९१९ च्या सँ-जेर्मेनच्या तहाने ऑस्ट्रियाच्या शस्त्रनिर्मितीचे हातपाय बांधले. हजारो कामगारांचे काय करावयाचे? कारखान्याने १८९४ पासूनच सायकली करावयास आरंभ केला होता. त्यांना लोक 'शस्त्रचाक' म्हणत. आता हान्स लेडविंका या कुशल रचनाकाराच्या योजनेप्रमाणे १९२० पासून मोटारी निघू लागल्या. १९२६ साली कंपनीने आपल्या नावातून 'शस्त्र' हा शब्दच काढून टाकला. शिकारीच्या बंदुका मात्र तहाच्या कक्षेत येत नव्हत्या; त्या एका कोपऱ्यात चालू राहिल्या. अमेरिकन शिकाऱ्यांसाठी त्यांच्या काडतुसांच्या मापाचे नमुनेही निघाले. मोठा कारखाना मोटारींवर तरंगत असताना लहान बंदूक त्याचे जुने नाव जगात टिकवीत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

१९२९ च्या जागतिक मंदीने मोटारीही बुडविल्या. सबंध गाव एका कारखान्यावर अवलंबून. कारखाना बंद पडला तेव्हा श्टायर हे ऑस्ट्रियातील बेकारीचे आणि उपासमारीचे प्रतीक होऊन बसले. फेब्रुवारी १९३४ मध्ये कामगार आणि सरकारी फौज यांच्यात येथे रस्त्यावर लढाई झाली. कारखान्याचे डेमलर आणि पुख या कंपन्यांशी विलीनीकरण होऊन श्टायर-डेमलर-पुख ही कंपनी निर्माण झाली.

याहून काळे पान पुढेच होते. १९३८ साली जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि कारखाना ग्योरिंगच्या नावाने चालणाऱ्या सरकारी उद्योगसमूहात गेला. येथल्या व्यवस्थापनाने छळछावण्यांतील कैद्यांना कामाला लावण्यात पुढाकार घेतला. मार्च १९४२ मध्ये माउटहाउझन या कुप्रसिद्ध छावणीची एक शाखा श्टायरच्या म्युनिखहोल्झ भागात उघडली गेली; गुझेन येथील छावणीतही कैद्यांकडून बंदुकांचे भाग करवून घेतले जात. थंडीत, उपाशीपोटी, मारहाणीत ही माणसे खपत आणि मरत. मे १९४५ मध्ये सुटका झाली ती जिवंत उरलेल्यांची. ज्या गावाने कामगारांच्या मूर्ती आपल्या संस्थापकाच्या पायाशी बसविल्या होत्या, त्याच गावी हे घडले.

युद्धानंतर पाच वर्षांनी मान्लिखर-श्योनाउअर पुन्हा बाजारात आली. तीच कारागिरी, तेच मऊ चालणारे यंत्र. पण जग बदलले होते. शिकाऱ्यांना आता दुर्बीण हवी होती. या बंदुकीत बोल्टची मूठ वरच्या पुलाला मधोमध चिरून मागेपुढे होई, त्यामुळे दुर्बीण वर बसविणे मोठे जिकिरीचे आणि महागाचे काम होते. दुसरी अडचण रुळाची. रहाटाची गाडगी एका मापाची. दुसऱ्या मापाचे काडतूस हवे असेल तर खाचांचे माप नव्याने जुळवून आणावे लागे. आणि बाजारात तर दर काही वर्षांनी नवे काडतूस! त्यात मजुरी वाढत चाललेली. एकेक रूळ हाताने जुळविणाऱ्या कारागिराचा पगार बंदुकीच्या किमतीत बसेना. १९७२ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. योगायोग असा, की त्याच वर्षी भारतात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि आपल्याकडील शिकारीच्या युगावरही पडदा पडला.

कारखान्याने हार मानली नव्हती. १९६० नंतरच्या दशकात निघालेल्या त्याच्या नव्या बंदुकीत फिरता रूळ राहिला, पण तो प्लॅस्टिकच्या सुट्या पेटीत गेला. नळी करण्याची रीतही पालटली. पूर्वी पोलादी कांबीला भोक पाडून आत पेचदार खोबणी कोरीत. आता आखूड, जाड कांबीत एक कठीण दांडा घालतात; त्या दांड्यावर खोबणीची उलटी आकृती असते. मग चहूबाजूंनी यंत्राचे हातोडे कांबीवर बसतात. कांब लांबते, बारीक होते, आणि आतून दांड्याची आकृती घेते. थंड पोलाद असे ठोकून ठोकून घट्ट होते. हातोड्यांच्या पेचदार खुणा पुसून टाकण्याऐवजी श्टायरने त्या नळीवर तशाच मिरवल्या. अशी यंत्रे बनविणारा उद्योगही १९४८ पासून श्टायर गावातच वाढला आणि त्याची यंत्रे जगभर गेली. कित्येकदा प्रतिस्पर्ध्यांच्या कारखान्यांतही.

तीन किलोंचा आकडा पुन्हा एकदा श्टायरला आला तो अमेरिकेहून. जेफ कूपर हा अमेरिकन मरीन दलातील निवृत्त अधिकारी आणि नेमबाजीचा शिक्षक. एकट्याने रानोमाळ हिंडणाऱ्या माणसासाठी एकच सर्वोपयोगी बंदूक कशी असावी, याचा त्याने १९८० नंतर ध्यास घेतला. लांबी एक मीटरहून अधिक नको, वजन दुर्बिणीसकट तीन किलोंच्या आसपास, दुर्बीण पुढे नळीवर आणि कमी शक्तीची, म्हणजे दुसरा डोळा उघडा राहून भोवतालचे दिसावे. अशी बंदूक सिद्ध करून द्यावयास श्टायर तयार झाले, आणि १९९८ साली ती 'स्काउट' या नावाने बाहेर पडली. दस्ता लाकडाचा नाही, प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थाचा. पुढच्या भागात मिटलेले दोन पाय. उघडले की बंदूक जमिनीवर उभी राहते. दस्त्याच्या मागच्या पोकळीत काडतुसांची जादा पेटी. जुन्या मान्लिखर-श्योनाउअरच्या दस्त्यातही पितळी-पोलादी झाकणाखाली सफाईचा गज आणि एक-दोन काडतुसे ठेवण्याची सोय असे. लाकूडप्रेमी शिकाऱ्यांनी नव्या बंदुकीला कुरूप म्हटले, आणि दिसावयास ती कुरूप आहेही.

मोठी कंपनी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. बंदुकांचा विभाग १९८९ साली वेगळा झाला आणि पुढे शेजारच्या क्लाइनरामिंग या लहान गावी गेला. श्टायरमध्ये आता इंजिने तयार होतात. वेर्ग्राबेन या जुन्या कालव्याच्या काठी, जेथे एके काळी पाण्याची चाके कानसयंत्रे फिरवीत, तेथील एका जुन्या कारखान्यात १९८७ पासून कामगारांच्या जीवनाचे संग्रहालय आहे. लांबर्ग वाड्याच्या खालचे भुयार कैद्यांनी युद्धात खोदले होते. २०१३ पासून ते त्यांच्या स्मरणार्थ लोकांना उघडे आहे. आल्प्समध्ये आजही मोसमात गाम्झची शिकार ठरलेल्या संख्येपुरती होते, आणि पहाटे पायथा सोडणाऱ्यांपैकी एखाद्याच्या खांद्यावर आजोबांची, नळीच्या टोकापर्यंत अक्रोडाने मढविलेली, चपट्या मुठीची ती जुनी बंदूक असते.